काखेतला दांडा

गोदामाच्या आवारात त्याला सगळे दांडेकर म्हणत. ते काही त्याचं आडनाव नव्हतं. ट्रक उभा केला की हा माणूस गिअरचा दांडा उपसून काखेत मारायचा आणि तसाच कागद दाखवायला खिडकीवर जायचा, म्हणून दांडेकर. हातभर लांब लोखंडी दांडा, वर काळी गोल मूठ. खिडकीवरचा कारकून रोज न चुकता विचारायचा, आज कुणाचं डोकं फोडायचंय. दांडेकर रोज न चुकता सांगायचा, रांगेत मध्ये घुसेल त्याचं. हा विनोद कधीच शिळा झाला होता, पण एवढ्या उन्हात नवा करायचं त्राण कुणात होतं?

दांडा काढायचं कारण साधं होतं. ट्रकचं इंजिन चालू ठेवून त्याला उतरावं लागे, आणि चालू गाडी सोडून जाणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणं. त्याच उन्हाळ्यात हमरस्त्यावरून दोन ट्रक असेच गेले होते. त्यातला एक ड्रायव्हर तर झाडामागे जाऊन यायला उतरला होता. पँट सावरून वळतो तो ट्रक वळणापलीकडे.

आणि इंजिन चालू का ठेवायचं, तर आत सासरे बसलेले असत. मालकाने जुन्या ट्रकला मागाहून एसी बसवून घेतला होता, तो इंजिन चालू असेल तरच चालायचा. बंद केला तर त्या पत्र्याच्या केबिनमध्ये दहा मिनिटांत माणूस वाफवून निघाला असता. सासऱ्यांना सोबत घेऊन खिडकीपर्यंत जावं, तर भिंतीवर पाटी होती, ड्रायव्हरखेरीज कुणालाही प्रवेश नाही. दांडेकरने एकदा कारकुनाला विनवून पाहिलं होतं. कारकून म्हणाला, आज तुझे सासरे, उद्या कुणाची सासू, मग मी इथे काय वऱ्हाड सांभाळू?

सासरे म्हणजे वस्ताद. दांडेकरला मिसरूड फुटत होतं तेव्हा तो त्यांच्याच ट्रकवर क्लीनर म्हणून लागला होता. काचा पुसल्या, चाकाखाली दगड लावले, शिव्या खाल्ल्या. सहा वर्षांनी वस्तादांनी त्याच्या हाती स्टिअरिंग दिलं आणि आणखी दोन वर्षांनी मुलगी दिली. लग्नात बायकांनी बजावलं, आता मामा म्हणायचं. त्याची जीभ काही वळली नाही; चोवीस वर्षं झाली, तो अजून वस्तादच म्हणायचा. वस्ताद मात्र मांडवातूनच त्याला 'जावईबापू' म्हणू लागले, आणि तेही असं तोंड करून की मान दिला की फिरकी घेतली, ते ऐकणाऱ्याला कळू नये.

गेल्या दोन वर्षांपासून वस्तादांचं डोकं मागेपुढे होऊ लागलं होतं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं. दांडेकरला नावाची गरज नव्हती. सकाळी 'जावईबापू' अशी हाक आली की समजायचं, आज वस्ताद आजच्यात आहेत. 'पोरा' अशी हाक आली की समजायचं, गाडी तीस वर्षं मागे गेली. मग दिवसभर आपणही क्लीनर व्हायचं, मान खाली घालून 'हो वस्ताद' म्हणायचं, की दिवस निभावून जायचा.

बायको शिवणाच्या कारखान्यात जायची, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. घरी वस्ताद एकटे राहिले तेव्हा एकदा गॅस चालू ठेवून बाहेर पडले, आणि एकदा चार चौक पलीकडे दुसऱ्याच्या टेंपोत स्टिअरिंगवर बसलेले सापडले. मेव्हण्याने तेव्हाच एका वृद्धाश्रमात जागा पाहून ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. दोन खोल्यांचं घर, तीन मुलं, बायकोची पाठ धरलेली. पण दांडेकरची बायको ते ऐकून रात्रभर भिंतीकडे तोंड करून पडली, आणि दांडेकर सकाळी बोलून गेला, मी नेतो त्यांना गाडीवर. बोलायला काय लागतं.

तिने एकच अट घातली होती. "माझ्या बापाला माल समजून बाहेरून कुलूप घालू नका. त्यांना उतरावंसं वाटलं तर उतरता आलं पाहिजे."

म्हणून बाहेरून चावी फिरवली तरी आतली कडी मोकळीच असायची. त्या जुन्या डिझेल इंजिनाचं एक बरं होतं. चावी काढून घेतली तरी ते फुरफुरत राहायचं. बंद करायचं तर डॅशखालची दोरी ओढावी लागायची. तेव्हा दांडेकरची पद्धत ठरलेली होती. हँडब्रेक ओढायचा, चावी खिशात, दांडा काखेत, दार बंद, मागच्या चाकाला दगड. काच फोडून चोर आत घुसला तरी गिअरच टाकता येणार नाही. ही सगळी पद्धत वस्तादांनीच शिकवलेली होती, अगदी पहिल्या दिवशी. चालू गाडी सोडून फार वेळ थांबू नये, आणि थांबलंच तर दांडा काखेत.

वस्तादांची आणखी एक गोष्ट आवारातल्या जुन्या ड्रायव्हरांना पाठ होती. एकदा ऐन चढणीवर त्यांच्या हातात गिअरचा दांडा मोडून आला. मागे रांग लागलेली, भोंगे वाजतायत. वस्तादांनी जॅकची कांब घेतली, तिच्या टोकाला आपला रुमाल गुंडाळला, ती भोकात ठोकून बसवली आणि तिच्यावर गिअर टाकत पन्नास मैल गाडी आणली. ही गोष्ट दांडेकरने स्वतः शंभर वेळा रंगवून सांगितली होती. सांगताना त्याच्या मनात एकदाही आलं नाही, की जॅक आणि कांब दोन्ही त्याच्याही सीटखालीच आहेत.

त्या दिवशी सकाळी हाक आली ती 'पोरा' अशी. दांडेकर रात्री धड झोपला नव्हता. वस्तादांनी तीनदा उठून दाराची कडी काढली होती. बायको डबा भरताना काही बोलली नाही, तोही बोलला नाही. दोघांना हल्ली बोलायचाही कंटाळा येत होता, भांडायचा तर फारच.

बाराच्या सुमारास तो रंगाच्या डब्यांचा माल घेऊन आवारात शिरला. डांबर पायाखाली मऊ लागत होतं. कुंपणाजवळच्या एकुलत्या झाडाखाली आधीच दोन गाड्या होत्या, म्हणून त्याने भर उन्हात ट्रक लावला. एसीची झडप वस्तादांकडे वळवली, पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी ठेवली.

"दहा मिनिटांत आलो, वस्ताद."

"उन्हात लावलीस गाडी," वस्ताद म्हणाले.

"सावलीत जागा नाही."

वस्तादांनी आवारावर नजर फिरवली. दांडेकरने दांडा उपसला, दार लावलं, चाकाला दगड लावला आणि गेला.

दहा मिनिटांचं काम होतं, पण सरळ होईल ते काम कसलं. मागच्या दाराला लावलेल्या सीलचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळेना. कागदावर शेवटी आठ होता, सीलवर तीन. कारकुनाने फोन लावला, तो तिकडे कुणी उचलेना, जेवायची वेळ. कुणीतरी सीलचा फोटो काढून पाठवला, तिकडून उत्तर आलं की साहेब येऊ देत. दांडेकर दर पाच मिनिटांनी दारापर्यंत जाऊन ट्रककडे पाहत होता. ट्रक थरथरत उभा होता, काचेमागे वस्तादांची पांढरी टोपी दिसत होती. मग कारकुनाने त्याला आतल्या खोलीत बोलावलं, रजिस्टरवर तीन ठिकाणी सह्या घेतल्या. आत पंखा होता. दांडेकर खुर्चीवर टेकला आणि, खरं तेच सांगायचं तर, त्याचा डोळा लागला. किती वेळ, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कारकुनानेही उठवलं नाही. त्याला वाटलं, पडू दे बिचाऱ्याला घटकाभर.

जाग आली ती वॉचमनने खांदा हलवला तेव्हा. तो विचारत होता, तुझी गाडी कुठे लावलीयस, सील पुन्हा बघायचंय. दांडेकर म्हणाला, आहे तिथेच आहे. वॉचमन म्हणाला, तिथे तर काही नाही.

तिथे खरंच काही नव्हतं. उन्हाने पांढरं पडलेलं डांबर, आणि एसीतून गळलेल्या पाण्याचा वाळत आलेला डाग. दांडेकर त्या रिकाम्या जागेसमोर दांडा काखेत धरून उभा राहिला. माल गेला, गाडी गेली, हे त्याच्या मनात नंतर आलं. आधी आलं ते हे, की संध्याकाळी सहानंतर बायको कारखान्यातून येईल आणि दारातूनच विचारील, आबा जेवले का?

गेटातून गाडी गेली का, म्हणून त्याने वॉचमनला विचारलं. वॉचमन आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, मी जरा तोंडावर पाणी मारायला गेलो होतो. दांडेकर गेटाबाहेर धावला. पन्नाशीचा माणूस, पायात चप्पल, हातात लोखंड. पंक्चरवाल्याला विचारलं, पाणी विकणारीला विचारलं. त्यांच्यासमोरून सकाळपासून शंभर ट्रक गेले होते. रस्ता दोन्ही बाजूंना तापून हलत होता. डावीकडे शंभर पावलं गेला, परतला, उजवीकडे गेला, परतला. बायकोला फोन लावायला हात खिशात गेला आणि तसाच राहिला.

गेटाशी परत आला तेव्हा वॉचमन म्हणाला, "पण दांडा तर तुझ्या काखेत आहे. गाडी नेली कशी?"

दांडेकरने दांड्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा त्या रिकाम्या जागेशी गेला आणि खाली वाकून पाहू लागला. चाकाचा दगड नव्हता. चोर असता तर त्याने दगड लाथेने उडवला असता, आसपास कुठेतरी पडलेला दिसला असता. हा दगड कुणीतरी उचलून सोबत नेला होता. पुढच्या ठिकाणी लागेल म्हणून.

त्याला हायसं वाटलं, ते क्षणभरच. चोराला निदान रस्ता माहीत असतो. वस्तादांना तर सालही माहीत नव्हतं.

मग त्याने विचार केला, की 'पोरा' अशी हाक आलेल्या दिवशी वस्ताद गाडी कुठे लावतील? तीस वर्षांपूर्वी हे पुढचं आवार नव्हतंच. तेव्हा माल उतरायचा तो मागच्या भिंतीकडे, जुन्या धक्क्याला. आता तो धक्का बंद होता, पण भिंत उंच होती आणि दुपारी तिची सावली पडायची. दांडेकर पळाला नाही. तो गोदामाला वळसा घालून चालत गेला.

ट्रक तिथेच होता. मागून धक्क्याला लावलेला, भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतर, एकदम सरळ. गोण्यांच्या दोन थप्प्यांमधून तो मागे घेतला होता. दांडेकरला स्वतःला ते तीन खेपांत जमलं असतं. मागच्या चाकाला दगड लावलेला. इंजिन चालू. काचेमागे वस्ताद बसले होते आणि त्यांच्या काखेत जॅकची कांब होती, टोकाला रुमाल गुंडाळलेली. गाडी उभी करून त्यांनी ती उपसून घेतली होती.

दांडेकरला हसू आलं. खरंच आलं. म्हाताऱ्याचा हात अजून तोच आहे, असं अभिमानाने वाटलंसुद्धा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, उद्या सगळं आवार हसेल, हसू दे. वस्ताद सापडले, गाडी सापडली, आता बायकोला काही सांगायची गरज नाही.

मग त्याला धक्क्याच्या पायरीशी उभी असलेली बाई दिसली. गोण्या उचलणाऱ्या बायांपैकी होती, त्याच्याच वयाची. हातात पाण्याची बाटली होती, ती उघडी होती, आणि पाणी तिच्या पायावर सांडत होतं. ती मागच्या चाकाकडे पाहत होती.

चाकाखाली चादर होती. निळ्या फुलांची, दुपारी सावलीत आडवं व्हायला पसरतात तशी. चादरीच्या एका टोकाला चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. दुसऱ्या टोकाला, जिथे डोकं असतं तिथे, जेवणाचा डबा होता. तो पत्र्यासारखा सपाट झाला होता.

"मी पाणी आणायला उठले होते," बाई म्हणाली. "आत्ताच परत आले."

दांडेकर चादरीशी बसला आणि तो डबा चाकाखालून ओढायला लागला, जणू तो निघाला की सगळं निस्तरणार होतं. डबा निघेना. बाई जवळ येऊन म्हणाली, राहू द्या. तिने केबिनकडे पाहिलं, टोपीकडे पाहिलं आणि विचारलं, वडील आहेत का? तो म्हणाला, सासरे. ती म्हणाली, माझ्या सासूचंही शेवटी असंच झालं होतं, मी कुणाला सांगणार नाही, तुमची नोकरी जाईल.

म्हणजे तोंड बंद ठेवलं तर चालणार होतं. बाई बोलणार नव्हती, वॉचमन स्वतःच्या भीतीने बोलला नसता. उद्यापासून कांब घरी ठेवायची, जॅक मागे मालाच्या डाल्यात टाकायचा. दांडेकरने हे सगळं तिथे उकिडवं बसून मनात मांडून पाहिलं. पण कांब नसली तर वस्तादांना पाना सापडला असता, पाना नसता तर छत्री. त्या माणसाला गाडी चालवायला काय लागतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि वस्तादांचं तर काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी गाडी सावलीत लावली होती, सरळ लावली होती. फक्त ती ज्या धक्क्याला लावली, तिथे त्यांच्या काळात कुणी झोपत नसे.

तो केबिनमध्ये चढला. आत गार होतं. वस्तादांनी त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"गाडी उन्हात लावून कुठे उलथला होतास, पोरा?"

"चुकलं, वस्ताद."

"आता बघ. बरोबर लागलीय ना?"

"बरोबर लागलीय," दांडेकर म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. वस्ताद गोंधळून गेले. क्लीनर रडला तर काय करायचं, हे त्यांना त्याही काळी ठाऊक नव्हतं. त्यांनी कांबेचा रुमाल सोडला आणि त्याच्यापुढे धरला.

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. चादरीचा रंगही सांगितला. स्वतःला डोळा लागला तेही सांगितलं. ती ऐकत राहिली. त्याला वाटलं होतं की ती म्हणेल, झोपलात कसे? ती म्हणाली, "उद्या दादाला फोन करते." मग म्हणाली, "त्या बाईला नवा डबा नेऊन द्या."

आठ दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, ते वस्तादांना ट्रकमधूनच घेऊन गेले. मालकाने एवढी परवानगी दिली. वृद्धाश्रमाची जागा स्वच्छ होती, खोलीत दोन खाटा, खिडकीतून रस्ता दिसत होता. वस्ताद त्या दिवसापासून जॅकची कांब सोडायला तयार नव्हते. झोपतानाही उशाशी घेत. तिथल्या बाईंनी ती पाहून मान हलवली. लोखंड आत चालणार नाही, म्हणाल्या, बाकीची माणसंही अशीच आहेत, कुणाला लागलं तर? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वस्ताद कांब घट्ट धरून बसले.

दांडेकर खाली गेला. ट्रक सवयीने चालू ठेवलेला होता, दांडा त्याच्या काखेत होता. सीटखालचा पाना घेऊन त्याने दांड्यावरची काळी मूठ आटे फिरवून काढली आणि वर आला. वस्तादांच्या एका हातातली कांब सोडवली आणि दुसऱ्यात मूठ ठेवली. वस्तादांनी ती तळहातावर फिरवली. वरची गिअरची रेघोटी केव्हाच पुसली गेली होती, तरी ती कुठे होती हे त्यांच्या अंगठ्याला माहीत होतं.

बायको दारात उभी होती. तिला आत यायचं नव्हतं आणि जायचंही नव्हतं.

वस्तादांनी वर पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "खाली गाडी चालू आहे का?"

गेल्या आठ दिवसांत ही हाक आली नव्हती.

"चालू आहे, वस्ताद."

"मग निघा. चालू गाडी सोडून फार वेळ थांबू नये."

ते खिडकीकडे वळून बसले. जिन्यात बायकोने दांडेकरचा हात धरला. चोवीस वर्षांत तिने घराबाहेर कधी त्याचा हात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाराला तो आवारात आला. झाडाखाली जागा नव्हती, त्याने उन्हातच ट्रक लावला. हात सवयीने दांड्याकडे गेला, तो उपसायला. मग त्याने शेजारच्या सीटकडे पाहिलं, खाली वाकून दोरी ओढली आणि इंजिन बंद केलं. ते बंद झाल्यावर आवारात इतर किती आवाज असतात ते त्याला ऐकू आलं. खिडकीवर कारकुनाने विचारलं, दांडेकर, दांडा कुठे?

"गाडी बंद करून आलोय."

कारकुनाने मान वर केली. विनोद केला नाही. कागदावर शिक्का मारून पुढे सरकवला.

त्या दिवशी सगळे नंबर जुळले, तरी रांगेमुळे चाळीस मिनिटं गेलीच. दार उघडलं तशी आतली वाफ तोंडावर आली. सीट भाजत होती. त्याने इंजिन चालू केलं, क्लच दाबला आणि गिअरला हात घातला. मूठ नसलेलं लोखंड तापून निघालं होतं, तळहाताला चरचरून चटका बसला. खिशात रुमाल होता. त्याने तो काढला नाही. पहिला गिअर टाकला आणि गेटापर्यंत हात तिथेच ठेवला.